टायमर आणि काउंटर एकच आहेत, ठोके कोण देतंय ते आधी बघा

भाऊ, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: ८०५१ जातीच्या मायक्रोकंट्रोलर चिपवर, म्हणजे ८९एस५२ वर, तुम्ही ठिबकसाठी कंट्रोलर बनवताय. पाण्याच्या मीटरमधून दर १० लिटरला एक पल्स येते, ती मोजायची आणि ठरलेले लिटर झाले की व्हॉल्व बंद करायचा. सोबत डिस्प्लेवर वेळही दाखवायची. पुस्तकात टायमर-काउंटरचे चार मोड दिले आहेत, पण कुठला केव्हा वापरायचा ते उमगत नाही. शिवाय दोन दुखणी आहेत. घड्याळ तासाला पावणेपाच मिनिटं मागे पडतं. आणि मीटरच्या डायलवर १,००० लिटर झाले की तुमचा काउंटर १०० ऐवजी दीडशे-पावणेदोनशे दाखवतो. प्रोग्रॅममध्ये २० मिलिसेकंदांचा डिले टाकूनही फरक पडला नाही. म्हणून तुम्ही विचारलंय की चिप खराब आहे का.

चिप खराब नाही. दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच आहे आणि ते मोडच्या तक्त्यात सापडणार नाही. मी जळगावला बरीच वर्षं कंट्रोल पॅनेल बनवतो आणि दुरुस्त करतो. केळीच्या वावरातले ठिबकचे डबे, डाळ मिलचे, चटईच्या मशीनचे, सगळ्या तऱ्हेचे हातून गेले. शिकाऊ मुलं माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. ती मोड पाठ करून येतात, पण मोजणारा कोण आणि त्याला मोजायला देणारा कोण, हे वेगळं करून बघत नाहीत.

मार्केट यार्डातला मापाडी आठवा. पोतं पुढे आलं की तो 'लाभ' म्हणतो, मग दोन, तीन, चार. पोतं कुठल्या गाडीतून आलं, कोणी आणलं, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पुढे आलं की एक वाढवायचा, एवढंच त्याचं काम. चिपच्या आतला टायमर म्हणजे असाच मापाडी. टीएच आणि टीएल ही आठ-आठ बिटांची दोन रजिस्टरं, म्हणजे त्याची वही. ठोका आला की आकडा एकने वाढतो, वही भरली की आकडा पुन्हा शून्यावर जातो आणि टीएफ नावाचा झेंडा वर होतो. ठोका चिपला ताल देणाऱ्या क्रिस्टलकडून येत असेल तर आपण त्याला टायमर म्हणतो. बाहेरच्या पायावरून येत असेल तर काउंटर म्हणतो. मापाडी तोच, वही तीच. मोड ठरवणाऱ्या टीमॉड रजिस्टरमधला सी-टी नावाचा एक बिट फक्त दरवाजा बदलतो. शून्य ठेवला तर आतला दरवाजा, एक केला तर बाहेरचा.

हे पटलं की तुमच्या दोन दुखण्यांसाठी दोनच प्रश्न उरतात. आतल्या दरवाजातून ठोके नेमक्या किती वेगाने येतायत? आणि बाहेरच्या दरवाजातून जे येतंय ते खरंच एकेक पोतं आहे का?

आधी घड्याळ घेऊ. तुम्ही लिहिलंय की ५० मिलिसेकंदांचा इंटरप्ट (झेंडा वर झाला की चालू काम थांबवून चालणारा छोटा प्रोग्रॅम) घेऊन असे २० झाले की एक सेकंद धरता, आणि टीएच०, टीएल० मध्ये अनुक्रमे ६० आणि १७६ भरता. म्हणजे ६० गुणिले २५६ अधिक १७६, एकूण १५,५३६. तिथून ६५,५३६ पर्यंत ५०,००० ठोके. हा हिशोब पुस्तकातला आहे आणि १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलसाठी बरोबर आहे. या चिपमध्ये क्रिस्टलच्या १२ कंपनांचं एक मशीन सायकल होतं आणि टायमरला दर मशीन सायकलला एक ठोका मिळतो. त्यामुळे १२ मेगाहर्ट्झला ठोका बरोबर एक मायक्रोसेकंदाचा येतो.

पण तुमच्या बोर्डावर कुठलं क्रिस्टल आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी सांगतो, त्याच्या डबीवर ११.०५९२ लिहिलेलं असणार. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक तयार ८०५१ बोर्डांवर तेच असतं, कारण सिरियलचा, म्हणजे कॉम्प्युटरशी तारेवरून बोलण्याचा, ९६०० बॉड हा वेग त्यातून काटेकोर निघतो. ११.०५९२ मेगाहर्ट्झला १२ ने भागलं की सेकंदाला ९,२१,६०० ठोके येतात, म्हणजे एक ठोका सुमारे १.०८५ मायक्रोसेकंदाचा. तुमचे ५०,००० ठोके झाले की ५० ऐवजी सव्वाचोपन्न मिलिसेकंद उलटलेले असतात. तुमचा सेकंद १.०८५ सेकंदांचा झाला. खऱ्या तासाभरात तुमचं घड्याळ ३,६०० ऐवजी ३,३१७ च्या आसपास सेकंद मोजतं. तूट २८२ सेकंदांची, म्हणजे चार मिनिटं बेचाळीस सेकंद. तुम्ही सांगितलेला आकडा आणि हा आकडा इतके जुळतात की मला बोर्ड बघायची गरज वाटत नाही.

उपाय सोपा. ५० मिलिसेकंदांसाठी ९,२१,६०० च्या हिशोबाने ४६,०८० ठोके लागतात. ६५,५३६ मधून ते वजा केले की १९,४५६ उरतात, आणि १९,४५६ म्हणजे बरोबर ७६ गुणिले २५६. टीएच० मध्ये ७६, टीएल० मध्ये ० भरा. घड्याळ लगेच ताळ्यावर येईल.

यातला शून्य नीट बघा, कारण पुढचं, बारीक दुखणं त्याच्यामुळे जातं. मोड १ मध्ये वही भरली की मोजणी शून्यापासून पुन्हा सुरू होते, सुरुवातीचा आकडा आपल्याला परत भरावा लागतो. झेंडा वर झाल्यापासून आपण तो भरेपर्यंत चिप चालू काम संपवते, इंटरप्टमध्ये शिरते, कंपायलर रजिस्टरं बाजूला ठेवतो. यात दहा-पंधरा मशीन सायकल सहज जातात. टीएल वर नवा आकडा लिहिला की तेवढ्या वेळात मोजलेले ठोके पुसले जातात. दर ५०,००० ठोक्यांमागे १२ जरी बुडाले तरी दिवसाला वीस सेकंद होतात. आठवड्याला सव्वादोन-अडीच मिनिटं. पाणी सुटायच्या वेळेला हे चालेलही, पण ते टाळता येत असताना का सोसायचं?

टीएल मध्ये भरायचा आकडा शून्यच असेल तर त्याला हातच लावू नका. वही भरल्यावर तो आपोआप शून्यावरून पुढे मोजतच असतो. इंटरप्टमध्ये शिरल्यावर फक्त टीएच० मध्ये ७६ लिहा. टीएल० तोपर्यंत बारा-पंधरावर पोचलेला असेल, ते ठोके जमेला राहतात. २५६ ठोक्यांच्या आत तुम्ही लिहिलंत की एकही ठोका बुडत नाही. ९,२१,६०० ला २५६ ने भागलं की बरोबर ३,६०० येतात, बाकी शून्य. म्हणून या क्रिस्टलवर ५ मिलिसेकंद, १० मिलिसेकंद, ५० मिलिसेकंद या सगळ्यांसाठी टीएल चा आकडा शून्यच निघतो. मला हे कळलं त्या दिवसापासून मी वेळेच्या कामाला १२ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल घेणं सोडलं. पुस्तकं १२ चं उदाहरण देतात कारण गणित तोंडी होतं. प्रत्यक्ष कामात ११.०५९२ जास्त सरळ आहे.

एवढं करूनही क्रिस्टलचा स्वतःचा फरक राहतोच. लाखात पाच भाग, म्हणजे ५० पीपीएम, इतका फरक असलेलं क्रिस्टल दिवसाला चार सेकंदांच्या वर चुकू शकतं. शिवाय लाईट गेली की वेळ जाते. म्हणून डिस्प्लेवर खरी वेळ दाखवायची असेल तर डीएस१३०७ सारखी बॅटरीवर चालणारी घड्याळ-चिप लावा आणि टायमर फक्त आतल्या कामाला ठेवा. टायमरला घड्याळ बनवणं कॉलेजच्या प्रोजेक्टला ठीक आहे, वावरात लावायच्या डब्याला नाही.

आता मोड. मोड म्हणजे मापाड्याची वही किती पानांची आणि भरल्यावर काय करायचं, एवढाच प्रश्न. मोड १ मध्ये पूर्ण १६ बिट, ६५,५३६ पर्यंत मोजणी, पण सुरुवातीचा आकडा दरवेळी आपण भरायचा. मोड २ मध्ये टीएल एकटाच मोजतो, २५६ पर्यंत, आणि भरला की टीएच मध्ये ठेवलेला आकडा हार्डवेअर स्वतः त्याच्यात उतरवतं. पहिल्यांदा दोन्हीकडे तोच आकडा लिहायचा, मग विसरून जायचं. सिरियलचा बॉड रेट याच मोडवर चालतो: टाइमर १ च्या टीएच मध्ये २५३ भरला की दर तीन ठोक्यांना वही भरते, त्याला पुढे ३२ ने भागलं की ९,६००.

मोड ० हा १३ बिटांचा, ८,१९२ पर्यंतचा. तो का आहे हे कळलं की डोक्यावरचं ओझं जातं. इंटेलची १९७६ ची ८०४८ चिप होती, तिच्या टायमरमागे ३२ ने भागणारा पाच बिटांचा टप्पा होता. १९८० ला ८०५१ आली तेव्हा जुन्या पद्धतीशी जुळतं ठेवण्यासाठी हा मोड दिला. परीक्षेपुरता लक्षात ठेवा. मोड ३ टायमर ० चे आठ-आठ बिटांचे दोन तुकडे करतो आणि टीएच० ला टायमर १ चे टीआर१ (चालू-बंद करणारा) नि टीएफ१ हे बिट देऊन टाकतो. पूर्वी तिसरा टायमर लागायचा तेव्हा त्याची सोय होती. तुमच्या ८९एस५२ मध्ये टायमर २ मुळातच जास्तीचा आहे, तोही १६ बिटांचा आणि स्वतः भरून घेणारा, तेव्हा मोड ३ च्या वाटेला जायचं कारण नाही. टायमर २ वापरलात तर एकच लक्षात ठेवा, त्याचा झेंडा टीएफ२ इंटरप्टमध्ये शिरल्यावर आपोआप खाली होत नाही, तो आपण खाली करायचा. टायमर ० आणि १ चा होतो.

टीमॉड बद्दलही एक सांगतो, कारण शिकाऊ मुलांच्या प्रोग्रॅममध्ये ही चूक नेहमी दिसते. वरचे चार बिट टायमर १ चे, खालचे चार टायमर ० चे, आणि या रजिस्टरमध्ये एकेक बिट सुटा लिहिता येत नाही. आधी टायमर ० साठी आकडा लिहिला आणि पुढे दुसऱ्या फंक्शनमध्ये टायमर १ साठी नवा आकडा थेट भरला, तर गफलत होते. त्या क्षणी टायमर ० चं सेटिंग पुसून तो मोड ० मध्ये जातो. एकदाच दोघांचं मिळून लिहा: टायमर ० टायमर म्हणून मोड १ मध्ये, टायमर १ काउंटर म्हणून मोड १ मध्ये, तर बिट होतात ०१०१ ०००१. आणि गेटचे दोन्ही बिट शून्य ठेवा. गेट एक असेल तर बाहेरचा आयएनटी पाय वर असेपर्यंतच टायमर चालतो. पल्स किती रुंद आहे हे मोजायला ती फार चांगली सोय आहे, पण चुकून एक राहिला तर टायमर का चालत नाही हे शोधण्यात दिवस जातो.

आता काउंटरकडे येतो, कारण खरं नुकसान तिथे होतं.

काउंटर केला की टायमर १ चे ठोके पी३.५ या पायावरून येतात, ४० पायांच्या चिपवर १५ नंबरचा पाय. टायमर ० असेल तर पी३.४, म्हणजे १४ नंबर. चिप दर मशीन सायकलला एकदा त्या पायाकडे बघते. एकदा वर दिसला आणि पुढच्या सायकलला खाली दिसला की एक मोजते. म्हणजे एक पल्स ओळखायला दोन सायकल, क्रिस्टलची २४ कंपनं. ११.०५९२ वर सेकंदाला ४,६०,८०० पल्स मोजायची तिची ताकद आहे. तुमच्या मीटरमधून दोन-तीन सेकंदांना एक पल्स येते. मग ही ताकद कुठे खर्च होते?

मीटरमध्ये आत फिरणाऱ्या चाकावर चुंबक असतं आणि बाहेर काचेच्या नळीतला रीड स्विच. चुंबक जवळ आलं की आतल्या दोन पात्या चिकटतात. त्या पात्या स्प्रिंगसारख्या आहेत, चिकटताना एकदा, दोनदा, कधी चार वेळा आदळून उडतात आणि मग स्थिर होतात. हे सगळं मिलिसेकंदाच्या आसपास उरकतं, आपल्याला एकच टिक ऐकू येते. पण जो मापाडी सेकंदाला साडेचार लाख पोती मोजू शकतो त्याला त्या एका मिलिसेकंदात चार वेगवेगळी पोती स्पष्ट दिसतात. शिवाय प्रवाह मंद असेल आणि चुंबक नेमकं स्विचच्या काठावर रेंगाळत असेल, तर पाण्याच्या थरथरीनेही पात्या लागतात नि सुटतात.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर मीटर सोडा, एक रीड स्विच आणि लहान चुंबक टेबलावर घ्या. पोर्ट १ वर आठ एलईडी लावा आणि प्रोग्रॅममध्ये टीएल१ चा आकडा सतत पोर्ट १ वर लिहीत राहा. हाताने चुंबक एकदा जवळ न्या, एकदा दूर करा. एलईडीवरचा आकडा एकने वाढायला हवा. तो कधी दोनने वाढेल, कधी पाचने, कधी बरोबर एकनेही. दहा मिनिटं असं करून बघितलंत की पुन्हा कधी स्विचची तार सरळ काउंटरच्या पायाला लावणार नाही.

मला हे दहा मिनिटांत कळलं नव्हतं. सुरुवातीच्या काळात यावल तालुक्यात केळीच्या एका बागेत मी असाच डबा बसवला. एका व्हॉल्वला ३६,००० लिटर ठरवले होते. डबा टेबलावर आठवडाभर चालवून बघितला होता, सिग्नल जनरेटर लावून, एका पल्सचाही फरक आला नव्हता. बसवल्यावर पंधरा-वीस दिवसांनी शेतकऱ्याने बोलावलं. त्यांनी झाडाच्या बुंध्याशी हाताने माती उकरून दाखवली. वरची चार बोटं ओल, खाली कोरडी. मग मीटरचं झाकण उघडून डायल दाखवली आणि म्हणाले, "मीटर खरं शे भाऊ, तुमना डबा खोटा शे." त्या रात्री डब्याच्या हिशोबाने ३६,००० लिटर पूर्ण झाले होते, डायलवर २१,००० च्या आसपास. ऐन उन्हाळ्यात त्यांच्या केळीला जवळपास तीन आठवडे निम्म्याच्या थोडं वर पाणी मिळालं होतं. ते मला आजही बोचतं. सिग्नल जनरेटरच्या पल्स स्वच्छ असतात, रीड स्विचच्या नसतात, आणि मी टेबलावर तपासताना बाहेरचा दरवाजाच बदलून टाकला होता.

तुम्ही टाकलेला २० मिलिसेकंदांचा डिले का लागू पडला नाही, तेही आता कळेल. काउंटर तुमच्या प्रोग्रॅमची वाट बघत नाही. तो वेगळं हार्डवेअर आहे. प्रोग्रॅम डिलेमध्ये थांबलेला असताना तो मोजतच असतो. पल्स पायावर पोचायच्या आधी स्वच्छ झाली तरच उपयोग.

त्यासाठी स्विचला ५ व्होल्टकडे १० किलोओहमचा पुल-अप (स्विच सुटा असताना पाय वर धरणारा रेझिस्टर), पुढे १० किलोओहमचा रेझिस्टर आणि जमिनीकडे १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्यातून १० मिलिसेकंदांच्या आसपासचा संथपणा येतो आणि पात्यांची थरथर गिळली जाते. पण इथे थांबू नका. नुसता कपॅसिटर लावला तर कधी कधी उलट बिघडतं, कारण आता व्होल्टेज हळूहळू उतरतं आणि वर-खालीच्या सीमेवर रेंगाळतं, तेवढ्यात थोडा जरी खडखडाट आला की चिप तिथेच तीन-चार मोजते. म्हणून मध्ये श्मिट ट्रिगर (रेंगाळणाऱ्या व्होल्टेजचं स्पष्ट वर किंवा खाली करणारी चिप) हवाच, ७४एचसी१४ चालतो. तो सिग्नल उलटा करतो, त्याने मोजणीत फरक पडत नाही. मीटर डब्यापासून लांब असेल तर त्याच्याही आधी ऑप्टोकपलर (विजेचा जोड न ठेवता उजेडाने सिग्नल पुढे देणारा), पीसी८१७ सारखा, आणि तारेवर ५ ऐवजी १२ व्होल्ट. मीटरची तार मोटरच्या केबलबरोबर एकाच पाइपातून नेऊ नका. स्टार्टर पडताना आणि सुटताना त्या तारेत उड्या येतात. यावलच्या डब्यात रीडचं दुखणं गेल्यावर हे दुसरं उघडं पडलं, मोटर चालू झाली की आकडा पाच-दहाने वाढायचा. तार वेगळी नेली तेव्हा थांबलं.

पण तुमच्या कामात मी काउंटर वापरणारच नाही. दोन-तीन सेकंदांना एक पल्स येत असेल तर टायमरकडूनच पहारा करवून घ्या. ५ मिलिसेकंदांचा ठोका ठेवा: ४,६०८ ठोके, म्हणजे टीएच० मध्ये २३८, टीएल० शून्य. प्रत्येक इंटरप्टमध्ये मीटरचा पाय वाचा. सलग चार वेळा खाली दिसला तरच तो खाली गेला असं माना, सलग चार वेळा वर दिसला तरच सुटला असं माना, आणि वरून खाली असा पक्का बदल झाला की एक मोजा. १५ मिलिसेकंदांच्या आतलं सगळं आपोआप गळतं. त्याच ठोक्याचे २०० झाले की एक सेकंद, म्हणजे घड्याळही त्याच्यावर चालतं, आणि टायमर १ सिरियलसाठी मोकळा राहतो. श्मिट ट्रिगर आणि ऑप्टो तरीही ठेवा, लांब तारेवरून येणारं काहीही थेट चिपला देऊ नये.

काउंटर लागतो तो पल्स भराभर येत असतील तेव्हा. हॉल सेन्सरवाला (पात्यांशिवाय चुंबक ओळखणारा) लहान फ्लो सेन्सर वायएफ-एस२०१ घ्या, तो लिटरला सुमारे ४५० पल्स देतो. तिथे मोड २ सुरेख बसतो. ४५० हे २५६ मध्ये मावत नाहीत, पण २२५ मावतात. २५६ वजा २२५ म्हणजे ३१. टीएच१ आणि टीएल१ दोन्हीत ३१ भरा. दर २२५ पल्सला इंटरप्ट येईल, दोन इंटरप्ट म्हणजे एक लिटर, आणि पुन्हा आकडा भरायची कटकट नाही. मात्र 'सुमारे' हा शब्द विसरू नका. माप घेऊन, बादलीत पाणी तोलून, तुमच्या सेन्सरचा आकडा स्वतः काढा.

मोठी मोजणी मोड १ मध्ये करायची झाली तर उलटा हिशोब ठेवा. ३,६०० पल्सनंतर व्हॉल्व बंद व्हायला हवा तर ६५,५३६ वजा ३,६०० म्हणजे ६१,९३६ आधीच भरून ठेवा: टीएच मध्ये २४१, टीएल मध्ये २४०. शेवटच्या पल्सला वही भरेल आणि इंटरप्ट येईल. सतत वाचून तुलना करत बसावं लागत नाही.

डिस्प्लेसाठी मधूनमधून वाचावं लागतंच, आणि तिथे एक खड्डा आहे. दोन रजिस्टरं एका दमात वाचता येत नाहीत. समजा टीएच १८ आणि टीएल २५५ आहे. तुम्ही टीएल वाचला, २५५. तेवढ्यात एक पल्स आली, टीएल शून्य आणि टीएच १९ झाला. आता टीएच वाचला, १९. तुमच्या हातात आलेला आकडा ५,११९, खरा ४,८६४. २५५ चा फरक, आणि तोही कधीतरीच, त्यामुळे तपासताना सापडत नाही. आधी टीएच वाचा, मग टीएल, मग पुन्हा टीएच. दोन्ही वेळचा टीएच सारखा नसेल तर पुन्हा वाचा.

मंद फिरणाऱ्या गोष्टीचा वेग मोजतानाही हाच दरवाजाचा विचार कामी येतो. एका डाळ मिलमध्ये एलिव्हेटरचा पट्टा सटकला की माल तुंबायचा, म्हणून शाफ्टवर सेन्सर लावून वेग दाखवायचा होता. शाफ्ट मिनिटाला ९० फेऱ्यांचा, म्हणजे सेकंदाला दीड पल्स. एक सेकंद काउंटर चालवून बघितलं तर कधी एक येते, कधी दोन, आणि डिस्प्ले ६० आणि १२० मध्ये नाचतो. तिथे पल्स मोजायच्या नसतात, दोन पल्समधला वेळ मोजायचा असतो. ५ मिलिसेकंदांचे १३३ ठोके आले, १२,००० ला १३३ ने भागा, ९०. वेगवान गोष्टीच्या पल्स मोजा, मंद गोष्टीचा वेळ मोजा.

माझे आकडे कुठे बदलतील तेही सांगायला हवं. १२ कंपनांना एक ठोका हे ८९एस५२ चं झालं. ८०५१ च्याच घराण्यातल्या काही नव्या चिप सहा कंपनांत किंवा एकाच कंपनात सायकल पूर्ण करतात, तिथे टायमरचा वेग सेटिंगवर ठरतो, माहितीपत्रक बघूनच हिशोब करा. आर्डुइनो उनोवर गेलात तर तिथल्या एटीमेगा३२८पी मध्ये भागाकार आपण निवडतो. १६ मेगाहर्ट्झला १,०२४ ने भागलं की सेकंदाला १५,६२५ ठोके, आणि सीटीसी मोडमध्ये (ठरलेला आकडा आला की मोजणी शून्यावर आणणारा मोड) तुलनेच्या रजिस्टरमध्ये १५,६२४ भरायचे, कारण मोजणी शून्यापासून होते. टायमर ० ला तिथे हात लावू नका, मिलिस हे वेळ सांगणारं तयार फंक्शन त्याच्यावर चालतं. बाहेरच्या पल्स टायमर १ ला डिजिटल ५ नंबरच्या पिनवरून जातात, आणि चढता काठ मोजायचा की उतरता हेही निवडता येतं.

आणि लाईट. शेतीच्या फीडरवर ती मोजणीच्या मध्येच जाणार, हे धरूनच चाला. मोजलेला आकडा रॅममध्ये असेल तर लाईट आल्यावर व्हॉल्व पुन्हा शून्यापासून पाणी सोडेल. २४सी०२ सारख्या ईईप्रॉममध्ये (लाईट गेली तरी लक्षात ठेवणारी मेमरी चिप) तो जपून ठेवा, पण प्रत्येक पल्सला लिहू नका. तिची एक जागा साधारण १० लाख वेळा लिहिता येते. दिवसाला ३,६०० पल्स असतील तर नऊ-दहा महिन्यांत ती जागा संपेल. दर दहा पल्सला लिहिलंत तर साडेसात वर्षं पुरेल, आणि लाईट गेली तरी चूक जास्तीत जास्त शंभर लिटरची.

आधी क्रिस्टलची डबी बघा आणि टीएच० मध्ये ७६, टीएल० मध्ये ० टाकून एक तास घड्याळ लावा. मग चुंबक आणि एलईडीचा प्रयोग. ५ मिलिसेकंदांचा पहारा लिहून झाला की मीटरच्या डायलवर मोजून १,००० लिटर जाऊ द्या आणि तुमचा आकडा काय आला ते इथेच कळवा. १०० च्या वर असेल तर मीटरपासून डब्यापर्यंतची तार किती फूट आहे आणि ती कशाच्या शेजारून जाते, तेही लिहा.